पोटाचं दुखणं आणि मानेतली गाठ

(नभोवाणी भाषणाचा संपादित मजकूर)

आमच्या घरात त्या आजाराचं नाव मोठ्यानं घेत नसत. १९७९ साल. मी दहा वर्षांचा होतो. बडे अब्बा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. तीन-चार महिन्यांत त्यांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. एका संध्याकाळी डॉक्टर घरी आले. त्यांनी जीभ पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली, पोट चाचपलं. मग त्यांनी एक गोष्ट केली, ती मला आजही तशीच दिसते. बडे अब्बांच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात त्यांनी दोन बोटं घातली आणि बराच वेळ तिथंच ठेवली. उजव्या बाजूला नाही, फक्त डाव्या. मग उठून हात धुतले. औषधाची चिठ्ठी लिहिली ती अगदी लहान. बाहेर जाऊन वडिलांना म्हणाले, त्यांना जे आवडतं ते खायला घाला.

पोट दुखतंय, आणि डॉक्टर मानेला हात लावतात, असं का? हे विचारायची त्या घरात माझी छाती नव्हती. दोन महिन्यांनी बडे अब्बा गेले.

चाळीस वर्षांनी, २०१९ साली, त्यांच्याच मुलाच्या, आमच्या भाईजानच्या पोटात दुर्बीण घातली गेली. निमित्त साधं होतं, जळजळ राहत नव्हती. दुर्बिणीत जठराच्या आत एक लालसर, किंचित खोल असा डाग दिसला. तुकडा तपासला तर कॅन्सर. घरात पुन्हा तीच शांतता. पण या वेळी पोट फाडलं नाही. तोंडातून दुर्बीण घालून, डॉक्टरांनी तेवढा डाग अस्तरासकट सोलून काढला. भाईजान चौथ्या दिवशी घरी आले, जठर सगळं जागेवर. त्यांनी मला बोलावून घेतलं. घरात आम्ही दखनी बोलतो; त्यांचं म्हणणं मी मराठीत सांगतो. ते म्हणाले, "तू शिकलेला आहेस. एक सांग. अब्बांच्या मानेत ती गाठ होती. पोटातलं तिथवर गेलं होतं. माझ्या पोटातला डाग काढला, पण गाठींना तर यांनी हातही लावला नाही. मग गाठीत काही गेलेलं नाही हे यांना कसं कळलं?"

श्रोतेहो, मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीबरोबर संपला. पण प्रश्न विचारणाऱ्याला टाळता येईना. एका डॉक्टर मित्रानं वाचायला दिलं, समजावलं, आणि मी शोधत गेलो. जे सापडलं ते औषधाचं पुस्तक नव्हतं, इतिहासच होता. तोच आज सांगतो.

सुरुवात मानेतल्या गाठीपासून करू. १८४८ साल. युरोपात जागोजागी क्रांतीचे भडके उडालेले. बर्लिनमध्ये रुडॉल्फ विर्शो नावाचा सत्तावीस वर्षांच्या आतला-बाहेरचा तरुण डॉक्टर होता. याच वर्षी तो सायलेशियात तापाची साथ बघायला गेला आणि परत येऊन त्यानं सरकारला सुनावलं की या साथीचं मूळ गरिबी आणि अज्ञानात आहे. त्याच साली त्यानं लिहिलं, की पोटाच्या कॅन्सरमध्ये डाव्या गळ्याच्या हाडावरची गाठ कधी कधी मोठी आणि टणक होते. पुढं १८८९ मध्ये त्र्वाझिए या फ्रेंच डॉक्टरनं यावर आणखी काम केलं. आज जगभर त्या गाठीला विर्शोची गाठ म्हणतात. इचलकरंजीतले डॉक्टर तीच शोधत होते, आणि त्यांना ती सापडली होती.

डावीच का, याचं उत्तर ऐकून मी थक्क झालो. आपल्या अंगात रक्ताच्या नळ्यांखेरीज आणखी एक जाळं आहे. पेशींच्या मधून झिरपणारं पाणी गोळा करून ते रक्तात परत नेणारं. त्या पाण्याला लसिका म्हणतात. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यांएवढ्या लसिकाग्रंथी असतात, नाक्यावरच्या चौकीसारख्या. पोटातली सगळी लसिका शेवटी एका मोठ्या नळीत येते. ती नळी छातीतून वर चढते आणि मानेच्या डाव्या बाजूला रक्तवाहिनीत रिकामी होते. म्हणजे पोटातून सुटलेली पेशी या वाटेला लागली, तर ती निघते पोटातून आणि पोहोचते डाव्या मानेत. आमचे बडे अब्बा त्या वाटेच्या शेवटच्या टोकाला पोहोचले होते. भाईजानचा प्रश्न होता वाटेच्या पहिल्या पावलाचा.

कॅन्सर वाटेला लागला की नाही, हे ओळखायची सोय त्या काळी नव्हती. हातात होता तो फक्त चाकू. पॅरिसमध्ये १८७९ ला पेआँ यांनी जठराचा कॅन्सर कापून काढला, रुग्ण काही दिवसांत गेला. १८८० मध्ये रिडिगिअर यांनी केला, तोही रुग्ण वाचला नाही. मग २९ जानेवारी १८८१ ला व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी तेरेसे हेलर नावाच्या ४३ वर्षांच्या बाईच्या जठराचा खालचा भाग काढून उरलेलं जठर आतड्याला जोडलं. ती वाचली, खाऊ लागली, घरी गेली. हे बिलरोथ संगीतकार ब्राम्सचे जिवलग मित्र होते, ब्राम्सच्या रचना त्यांच्या घरी आधी वाजत. अशा माणसाचा हात हलका असणारच, असं मला उगाच वाटतं. पण चार महिन्यांत तेरेसे हेलर गेली. टाके पक्के होते, जठर जोडलेलं होतं. रोग मात्र चाकूच्या आधीच बाहेर पडला होता.

यातून शल्यवैद्यांनी एक धडा घेतला. जठर काढायचं तर भोवतालच्या गाठीही काढायच्या. आणि हा धडा सगळ्यात मनावर घेतला तो जपाननं.

जपानच का, तर तिथं हा रोग घरोघरी होता. विसाव्या शतकाचा मोठा भाग जठराचा कॅन्सर हाच तिथला सर्वात जास्त बळी घेणारा कॅन्सर होता. खारवलेले मासे, मुरवलेल्या भाज्या, आणि पुढं १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या वॉरेन आणि मार्शल यांनी ज्याला उजेडात आणलं तो हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू, अशी त्याची कारणं आज सांगतात. तोकियोच्या कर्करोग संस्थेच्या रुग्णालयात काजितानी यांच्यासारखे शल्यवैद्य १९४० च्या दशकापासून गाठी पद्धतशीर काढत होते. १९६२ मध्ये जपानी संशोधकांनी या रोगाच्या नोंदीचे नियम छापले. जठराभोवतीच्या लसिकाग्रंथींच्या जागांना त्यांनी आकडे दिले. अन्ननलिकेच्या तोंडाशी उजवीकडे एक नंबर, डावीकडे दोन, जठराच्या आखूड बाजूला तीन, लांब बाजूला चार, असं करत करत मुख्य रोहिणीभोवतीच्या गाठी सोळा नंबर. रेल्वेच्या स्टेशनांसारखं. आजही त्यांना स्टेशनच म्हणतात.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं. जपानमध्ये शस्त्रक्रिया संपली म्हणजे शल्यवैद्याचं काम संपत नसे. काढलेलं जठर टेबलावर घेऊन तो स्वतः चरबीतून एकेक गाठ वेचायचा, तिच्या नंबराप्रमाणे वेगळी ठेवायचा, आणि मग ती सूक्ष्मदर्शकाखाली जायची. एका माणसाच्या कित्येक गाठी. तांदूळ निवडताना आमची अम्मी जशी सुपावर वाकायची, तसे हे लोक वाकलेले असणार. कुठल्या नंबरच्या गाठीत रोग होता, कुठल्या नव्हता, सगळं वहीत. एका देशात, एकाच नियमानं, वर्षानुवर्षं. अशी वही दुसरीकडे कुणाजवळ नव्हती.

पण त्या वहीतले सुरुवातीचे रुग्ण बहुतेक उशिरा आलेले. कॅन्सर लहान असताना सापडायला आत बघता यायला हवं. तिथं दुसरी गोष्ट सुरू होते, आणि ती एखाद्या कादंबरीसारखी आहे. युद्धानं मोडून पडलेला जपान. तोकियोच्या एका रुग्णालयातले तरुण शल्यवैद्य तात्सुरो उजी ऑलिंपस कंपनीकडे गेले आणि म्हणाले, पोटाच्या आत जाणारा कॅमेरा बनवा. कंपनीतले सुगिउरा आणि फुकामी हे दोघे त्यांच्याबरोबर कामाला लागले. १९५० मध्ये कॅमेरा तयार झाला. गिळता येईल अशी लवचीक नळी, तिच्या टोकाला बारीकसा दिवा, इवलं भिंग, आणि केवळ सहा मिलिमीटर रुंदीची फिल्म. आत काय दिसतंय हे फोटो काढणाऱ्याला कळत नसे. कॅमेऱ्याचं तोंड कुठं आहे हे कसं ओळखायचं? खोलीत अंधार करायचा. आतला दिवा लागला की पोटाच्या कातडीतून उजेड झिरपतो. त्या उजेडाच्या ठिपक्यावरून अंदाज घ्यायचा. मी आयुष्यभर प्रतिमांचा धंदा केला, पण माणसाच्या पोटात दिवा लावून बाहेरून त्याचा उजेड वाचणं ही प्रतिमा मला कधी सुचली नसती.

पुढं १९५७ मध्ये अमेरिकेत हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची दुर्बीण आणली, आणि आत थेट पाहता येऊ लागलं. इकडं शिराकाबे यांनी बेरियमबरोबर हवा भरून असे एक्सरे काढायची पद्धत बसवली, की जठराच्या अस्तराची एकेक घडी दिसावी. १९६० मध्ये मियागी प्रांतात कुरोकावा यांनी एक्सरेचं यंत्र बसमध्ये बसवलं आणि ती गावोगाव फिरवली. आपल्याकडे क्षयरोगाच्या एक्सरेच्या गाड्या फिरत, तसंच. शेतकरी, कोळी, शाळामास्तर रांगेत उभे राहिले. आणि ज्यांना काहीच होत नव्हतं अशांच्या पोटात लहान लहान कॅन्सर सापडायला लागले.

आता या लहान कॅन्सरला म्हणायचं काय? १९६२ मध्ये तासाका यांच्या पुढाकारानं जपानच्या दुर्बीणतज्ज्ञांच्या संस्थेनं व्याख्या ठरवली. जठराची भिंत म्हणजे अस्तर लावलेला जाड कोट समजा. सगळ्यात आत नाजूक अस्तर. त्याच्याखाली स्नायूचा एक अगदी पातळ पापुद्रा. त्याखाली सैल विणीचा थर, रक्ताच्या आणि लसिकेच्या नळ्यांनी भरलेला. मग जाड स्नायू, आणि सर्वात बाहेर आवरण. कॅन्सर अस्तरात किंवा फार तर त्या सैल थरात असेल, तर तो 'आरंभीचा'. आणि पुढं पाच शब्द जोडले: गाठींत गेलेला असो वा नसो.

त्या पाच शब्दांपाशी मी अडलो होतो. गाठीत गेलेला कॅन्सर आरंभीचा कसा? डॉक्टर मित्र म्हणाला, अरे, व्याख्या करणाऱ्यांना माहीत होतं, की शस्त्रक्रियेआधी गाठीतलं कुणाला दिसत नाही. जे दिसतं, मोजता येतं, त्यावरच नाव ठेवायचं. अशा रुग्णांची शस्त्रक्रिया केली, तर शंभरातले नव्वदाहून जास्त पाच वर्षांनी जिवंत असतात, हेही लवकरच कळलं. ज्या रोगानं आमच्या घरात दोन महिन्यांत माणूस नेला, त्याच रोगाची ही गोष्ट. फरक होता तो काही मिलिमीटरचा, आणि वेळेचा.

इथवर सगळं चांगलं. पण याची एक किंमत होती, आणि तिच्याबद्दल फार कुणी बोलत नसे. आरंभीचा कॅन्सर सापडलेल्या प्रत्येकाचं जठर दोन तृतीयांश किंवा सगळं जायचं, गाठींसकट. जठर गेलेल्या माणसाचं जेवण म्हणजे दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. भरभर खाल्लं की घाम, धडधड, चक्कर. सगळं जठर गेलं तर बी-१२ ची इंजेक्शनं जन्मभर. शस्त्रक्रियेतही धोका होताच. जपानी हातांना ती सवयीची होती. हॉलंडमध्ये १९८९ ते १९९३ या काळात चिठ्ठ्या टाकून तुलना केली, जपानहून सासाको नावाचे शल्यवैद्य शिकवायला गेले, तरीही जास्त गाठी काढलेल्यांत दहा टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावले, कमी काढलेल्यांत चार टक्के. आता याच अभ्यासाचा दुसरा निकाल २०१० मध्ये आला, पंधरा वर्षांनंतरचा, आणि त्यात जास्त गाठी काढलेल्यांत कॅन्सरनं मेलेले कमी निघाले. म्हणजे गाठी काढणं खोटं नव्हतं. प्रश्न होता, कुणाच्या काढायच्या.

कारण वह्या सांगत होत्या, की कॅन्सर अस्तरातच असेल तर शंभरातल्या दोन-तीन जणांच्याच गाठीत तो जातो. बाकीच्या सत्त्याण्णवांच्या गाठी स्वच्छ. त्यांचं जठर, आपल्या भाषेत सांगायचं तर, फुकट गेलं. पण ते सत्त्याण्णव कोण आणि ते तीन कोण, हे शस्त्रक्रियेआधी ओळखणार कसं? ओळख पटवणारी खूण काय?

खुणा एकेक करून सापडल्या. पहिली खूण खोलीची. अस्तराखालचा पापुद्रा ओलांडून रोग सैल थरात उतरला, की तिथं लसिकेच्या नळ्यांचा बाजार भरलेला असतो. आतड्याच्या बाबतीत अस्तरात राहिलेला रोग सहसा कुठं जात नाही. जठराचं मात्र तसं नाही. जठराच्या अस्तराच्या तळाशीही लसिकेच्या बारीक नळ्या असतात. म्हणून ते दोन-तीन टक्के.

दुसरी खूण आकाराची. डाग जितका मोठा, तितकी कुठंतरी फट सापडण्याची शक्यता जास्त. तिसरी, पेशींच्या वळणाची. १९६५ मध्ये फिनलंडमधल्या लॉरेन यांनी जठराच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार केले. एकात पेशी अजून नळ्यांचे आकार करतात, घर बांधल्यासारख्या राहतात. दुसऱ्यात त्या सुट्या सुट्या पांगतात. जपानी लोकही असाच भेद करत. पांगणाऱ्या पेशी लवकर वाटेला लागतात. चौथी खूण सगळ्यात थेट: सोललेल्या तुकड्यात लसिकेच्या नळीत शिरलेल्या कॅन्सरच्या पेशी दिसल्या, तर चोर दारात उभा सापडला म्हणायचं.

पाचवी खूण व्रणाची, आणि ती फसवी आहे. जठराच्या व्रणाला आपण अल्सर म्हणतो. पूर्वी डॉक्टरांची समजूत अशी, की औषधानं भरून येणारा व्रण साधा, न भरणारा कॅन्सरचा. जपानमध्ये १९६० च्या दशकात मुराकामी यांनी दाखवलं, की कॅन्सरमधला व्रणही भरून येतो, पुन्हा फुटतो, पुन्हा भरतो. भरलेला पाहून रुग्ण आणि डॉक्टर दोघंही निश्चिंत होतात. बडे अब्बांना दोन वर्षं आधी 'अल्सर' म्हणूनच औषध चालू होतं, मध्ये सहा महिने त्यांना अगदी बरं वाटलं होतं, हे आमच्या अम्मीनं मला फार नंतर सांगितलं. तेव्हा आमच्या गावात दुर्बीण नव्हती. दोष कुणाला द्यायचा! तर सांगायचं ते असं, की व्रण झाला म्हणजे तो पापुद्रा फाटतो, तिथं वण धरतो, आणि रोगाला खाली उतरायची वाट मिळते. शिवाय वण असलेला डाग खाली चिकटून बसतो, सोलायलाही अवघड.

सोलणं सुरू झालं १९८० च्या दशकात. १९८४ मध्ये ताडा आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती जाहीर केली. डागाखाली सुईनं मिठाचं पाणी सोडायचं, म्हणजे अस्तर फुगून वर येतं, आणि मग तारेच्या फासात पकडून ते कापायचं. नियम ठरला: पेशी वळणाच्या हव्यात, रोग अस्तरातच हवा, व्रण नको, आणि डाग दोन सेंटिमीटरच्या आत हवा. यातले दोन सेंटिमीटर कुठून आले? ते जितके रोगानं ठरवले तितकेच तारेच्या फासानं. त्याहून मोठा तुकडा फासात एकसंध येत नसे. हत्यार लहान होतं म्हणून अडीच सेंटिमीटरच्या डागवाल्याचं जठर जात होतं. हे कुणालातरी खटकायला हवं होतं, आणि खटकलं.

२००० साली तोकियोतल्या दोन रुग्णालयांच्या वह्या एकत्र उघडल्या गेल्या, राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या आणि कर्करोग संस्थेच्या. गोतोदा आणि सहकाऱ्यांनी त्यांतून आरंभीच्या कॅन्सरसाठी जठर आणि गाठी काढलेल्या ५,२६५ रुग्णांची मोजदाद छापली. अस्तरातच असलेले ३,०१६. त्यांतल्या ६५ जणांच्या गाठीत रोग, म्हणजे २.२ टक्के. सैल थरात उतरलेले २,२४९, त्यांतले ४०२, म्हणजे १७.९ टक्के. मग त्यांनी खुणा एकमेकींत गुंफल्या. अस्तरातला, वळणाच्या पेशींचा, तीन सेंटिमीटरहून लहान, मग व्रण असो वा नसो, असे रुग्ण निघाले १,२३०. गाठीत रोग किती जणांच्या? शून्य. व्रण नसलेले, आकार कितीही, ९२९. शून्य. सैल थरात उतरलेला, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आत, तीन सेंटिमीटरहून लहान, वळणाचा, नळ्यांत न शिरलेला, असे १४५. तिथंही शून्य.

इथं हिशेबातली एक बारीक गोष्ट आहे. ही तीन शून्यं एका वजनाची नाहीत. १,२३० मध्ये एकही नाही, तेव्हा खरा धोका फार तर हजारी तीन असेल असं गणित सांगतं. १४५ मध्ये एकही नाही, तेव्हा तो शेकडा अडीचपर्यंत असू शकतो. शोधणाऱ्यांनी हेही प्रामाणिकपणे छापलं. शून्याच्या शेजारी त्याची मर्यादा लिहिणारी माणसं मला विश्वासाची वाटतात.

आणि दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं सांगतोय. ५,२६५ मधल्या ४६७ जणांच्या गाठीत रोग होता. उरलेल्या ४,७९८ माणसांच्या गाठी स्वच्छ होत्या. ही माणसं जठर देऊन बसली, आयुष्यभर थोडं थोडं जेवली. त्यांना ते फुकट गेलं असं कुणी सांगितलं नसणार, आणि त्या वेळी ते फुकट नव्हतंही. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण त्यांच्या त्या स्वच्छ गाठी वेचून, नंबर घालून, वहीत लिहिल्या नसत्या, तर शून्य कुठून आलं असतं? भाईजानच्या गाठींना डॉक्टरांनी हात लावला नाही, कारण अनोळखी देशातल्या हजारो अनोळखी माणसांच्या गाठींना आधीच हात लागला होता. त्यांचं नाव कुठं नाही.

नियम बदलला, तसं हत्यारही बदललं. १९९० च्या दशकात राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनी टोकाला चिनी मातीचा मणी असलेली सुरी वापरात आणली. मण्यामुळं टोक जठराच्या भिंतीत आरपार घुसत नाही. या सुरीनं डागाच्या भोवतीनं चीर घेऊन, खालच्या सैल थरातून तो अख्खा सोलून काढता येतो, पाच सेंटिमीटरचा असला तरी. २००६ मध्ये जपानच्या आरोग्य विम्यात हे सोलणं आलं. वह्यांतलं शून्य मागं वळून काढलेलं होतं. पुढं ठरवून सोललेल्या ४७० रुग्णांवर ते तपासलं, त्याचा निकाल २०१८ मध्ये आला. पाच वर्षांनी ९७ टक्के जिवंत.

आणि सोलल्यावर एखादी खूण वाईट निघाली तर? त्यासाठीही जपाननं २०१७ मध्ये एक गुणपत्रिका केली. लसिकेच्या नळीत पेशी दिसल्या तर तीन गुण. तीन सेंटिमीटरहून मोठा, खोल उतरलेला, रक्तवाहिनीत शिरलेला, तुकड्याच्या तळाशी रोग उरलेला, प्रत्येकी एक. शून्य किंवा एक गुण असेल तर गाठीत रोग असण्याची शक्यता अडीच टक्के; पाच ते सात असेल तर बावीस टक्क्यांवर. सत्तरीतल्या, हृदय दुबळं झालेल्या माणसानं जठर काढायचं की नाही, हे ठरवायला डॉक्टरांपाशी निदान एक आकडा असतो. निर्णय घ्यायचा त्या घरानंच.

भाईजानसमोर मी त्यांचा अहवाल घेऊन बसलो. सोललेला तुकडा टाचण्यांनी फळीवर ताणून बसवतात, दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या पाडतात आणि प्रत्येक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अहवालातली एकेक ओळ मी वाचली. आकार अठरा मिलिमीटर. अस्तरातच. पेशी वळणाच्या. व्रण नाही. नळ्यांत शिरकाव नाही. कडा स्वच्छ. मी म्हटलं, भाईजान, तुम्ही त्या १,२३० मध्ये बसता. ते म्हणाले, "आणि ती गुणांची परीक्षा? त्यात मला किती?" म्हटलं, तुम्हाला त्या परीक्षेला बसवलंच नाही.

ते हसले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी डावा हात उचलला आणि सदऱ्याच्या गळ्यातून गळ्याच्या हाडावरचा खळगा चाचपून पाहिला. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी डॉक्टरांचा हात फक्त मीच पाहिला नव्हता.

आता दर वर्षी ते दुर्बिणीसाठी जातात. जठर वाचलं म्हणजे त्याचं उरलेलं अस्तरही राहिलं, आणि ज्या अस्तरात एकदा रोग झाला, त्यात दुसरीकडे नवा होऊ शकतो. हेलिकोबॅक्टर घालवायची औषधं त्यांना दिली. ती घेतल्यानं नव्या कॅन्सरचा धोका कमी होतो, पण संपत नाही, हे २००८ सालच्या एका जपानी अभ्यासानं दाखवलं आहे. तपासणीच्या आदल्या रात्री ते लवकर जेवतात आणि मला फोन करतात. बोलणं रोगाचं नसतं. मागांचे भाव, पाऊस, पोरांची लग्नं. फोन ठेवताना म्हणतात, "सकाळी उपाशीपोटी जायचंय, बाकी काही नाही."

कारण माणसाला जठर असेल, तरच त्याला उपाशीपोटी जायला सांगतात, असं त्यांनी एकदा मला बजावलं. यात वैद्यकाच्या दृष्टीनं काही तथ्य नाही. मी त्यांना तसं सांगितलेलं नाही.